पाचोळा-यंत्र आणि चौथा रकाना

निवृत्त माणसानं काय काय करू नये याची यादी कुणी केलीच, तर 'सोसायटीच्या मीटिंगला पुढच्या रांगेत बसू नये' हे कलम अगदी वर यायला हवं. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला डुलकी लागते. पुढच्या रांगेतल्याच्या तोंडून शब्द जातो.

नापासराव पुढच्या रांगेत बसले होते. हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. समोर येणारा सुटा भाग ते मोजायचे, आणि केसभर जरी चुकला तरी त्याला लाल चिठ्ठी बांधायचे. चिठ्ठीवर 'नापास', खाली कारण, त्याखाली सही. निरोपाच्या दिवशी कामगारांनी शाल वगैरे न देता कोऱ्या लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठाच त्यांच्या हातात ठेवला, आणि त्या गठ्ठ्याबरोबर नावही घरी आलं. घरी त्यांनी आजवर तीन मिक्सर, दोन पंखे आणि एक डायनिंग टेबल नापास केलं होतं. जावई तेवढा पास झाला, कारण लेकीनं तो सगळं ठरल्यावरच दाखवला.

त्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी नगरपालिकेची नोटीस वाचली. पुढच्या महिन्यापासून कचऱ्याची गाडी बागेतला पालापाचोळा आणि फांद्या उचलणार नाही. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांनी बारीक करायचं यंत्र बसवावं आणि निरीक्षकाकडून पास करून घ्यावं. मुदत तीस दिवस.

"माझ्या मते उपाय सोपा आहे," नोटिशीची घडी घालत सेक्रेटरी म्हणाले. "बाग नसली की पाचोळा नाही. सपाट फरशी घालू. अकरा गाड्या बसतात."

बसतील म्हणाले नाहीत, बसतात म्हणाले. म्हणजे मोजून झालं होतं.

नापासरावांना दिसलं ते बदामाच्या झाडाखालचं बाकडं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको चार महिने घराबाहेर पडली नव्हती. मग एक दिवस ती दारापासून त्या बाकड्यापर्यंत चालत गेली आणि तासभर बसली. तेव्हापासून रोज सकाळी जाते. दारापासून बाकड्यापर्यंत बेचाळीस पावलं. ही संख्या नापासरावांना पाठ होती, कारण पहिले कित्येक दिवस तिच्या मागून मोजत जाणारे तेच होते. आता हे सगळं भर मीटिंगमध्ये सांगायचं म्हणजे पंचाईत. त्यांनी उभं राहून एवढंच सांगितलं, "यंत्र मी करून देतो."

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "तुम्ही? करून?"

"तपासणाऱ्याला करता येत नाही असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण हॉलमध्ये तुम्ही खिळा ठोकला होतात, तिथं आता केवढं मोठं कॅलेंडर लावलंय बघा."

"कॅलेंडर लावायलाच तर खिळा ठोकला होता."

"कॅलेंडर भोक झाकायला लावलंय. ते दोऱ्यानं पडद्याच्या दांडीला टांगलंय."

नापासरावांनी लेकीला फोन लावला. लेक दवाखान्यातल्या खाटा बनवणाऱ्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "बाबा, कागदावर एकही रेघ मारू नका. आधी वापरणाऱ्याला विचारा. त्याला काय हवंय, कुठं अडतंय ते बघा. आम्ही एका खाटेसाठी सहा दिवस नुसते वॉर्डात बसलो होतो."

चांगला सल्ला होता. चांगला सल्ला चुकीच्या माणसाच्या हाती पडला की काय होतं, ते पुढं दिसेलच. नापासरावांनी सतरा प्रश्नांचा एक फॉर्म तयार केला. यंत्र सोसायटीचं, सोसायटीत अठ्ठावीस दारं, म्हणजे वापरणारे अठ्ठावीस. हा हिशेब त्यांना इतका स्वच्छ वाटला की त्यांनी तो पुन्हा तपासलाही नाही. ज्या दाराला बेल, त्या दाराला फॉर्म.

फॉर्म भरून आले. माणसाला मुलांच्या शाळेबद्दल मत नसेल, पण दुसऱ्यानं करायच्या यंत्राबद्दल असतंच. तळमजल्यावर गाण्याची शिकवणी घेणाऱ्या बाईंनी लिहिलं, 'आवाज नको. झालाच तर एका सुरात व्हावा.' पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी लिहिलं, 'कुलूप हवं आणि किल्ली जबाबदार व्यक्तीकडं हवी.' जबाबदार व्यक्ती कोण यावर जिन्यात इतकं रणकंदन झालं की शेवटी कुलपं दोन ठरली, एक किल्ली वकिलांकडं आणि एक सेक्रेटरींकडं. विमा एजंट तर स्वतः घरी आले. त्यांच्या धंद्यात बोटं तुटलेली माणसं त्यांनी फार पाहिलेली. ते म्हणाले, "काका, तोंड पाच फुटांवर ठेवा. लहान मुलाचा हात पोचता कामा नये. आणि बटणं दोन. एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय चालूच होऊ नये. हात बटणावर म्हणजे हात पात्यात नाही."

"आणि फांदी कोण घालणार?"

"ते तुमचं डिझाइन," एजंट म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

कुणाला यंत्राला चाकं हवी होती, कारण ते आपल्या खिडकीखाली नको होतं. कुणाला चाकं नको होती, कारण चाकं असली की चोर ढकलत नेतात. नापासरावांनी कुणालाच नाराज केलं नाही. दोन चाकं आणि दोन पाय ठरले. एका घरातून फॉर्म कोरा आला आणि त्याच्या पाठीवर किराणा लिहिलेला होता. तोही त्यांनी फाइलला लावला, कारण वापरणाऱ्याचं कुठलंही म्हणणं वगळायचं नाही असं लेकीनं बजावलं होतं.

या दिवसांत जागेची मापं घ्यायला ते तीनदा बागेत उतरले. तिन्ही वेळा तिथं मावशी झाडत होत्या. गेली नऊ वर्षं बाग झाडायच्या, पाणी घालायच्या, फांद्या छाटायच्या आणि सगळा ढीग पाटीत भरून फाटकापर्यंत नेऊन टाकायच्या त्याच. "मावशी, जरा बाजूला," नापासराव म्हणायचे. मावशी बाजूला व्हायच्या आणि नापासराव त्या उभ्या होत्या ती जागा मोजायचे.

नगरपालिकेत जाऊन अर्ज आणायचा होता. उद्यान विभाग म्हणाला, पाचोळा आमचा नाही. आरोग्य विभाग म्हणाला, झाडं आमची नाहीत. बऱ्याच खिडक्या फिरल्यावर एका कारकुनानं दया येऊन समजावून सांगितलं, "पान झाडावर आहे तोवर उद्यान. जमिनीला टेकलं की आरोग्य."

"आणि पडता पडता?" नापासरावांनी विचारलं. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

कारकुनानं खरोखरच विचार केला. "त्याबद्दल परिपत्रक नाही," तो म्हणाला आणि त्यानं आरोग्य विभागाचा फॉर्म दिला. त्यात पाच रकाने होते. पहिल्या तीन रकान्यांत सोसायटीचं नाव, यंत्राची जागा आणि मोटारीची ताकद. चौथा भरायला नापासरावांनी पेन टेकवलं, तर कारकून म्हणाला, "तो राहू द्या. तो निरीक्षकांसमोर भरायचा." नापासरावांनी तो न वाचता सोडला. आयुष्यभर कुठलाही कागद त्यांनी असा सोडला नव्हता.

आता राहिला वेल्डर. मागच्या रस्त्यावर त्याचं वर्कशॉप होतं. त्यानं ड्रॉइंग उभं धरलं, आडवं धरलं. पाच फुटांवर तोंड, दोन कुलपं, आतून आवाज दाबायला गादीचं अस्तर.

"साहेब, यात पाचोळा घालायचाय की कुणाला कोंडून ठेवायचंय?"

"सांगितलंय तसं कर."

"करतो की. तुम्ही ओळखलं नाहीत मला. तुमच्या कारखान्याला मी पंपाची झाकणं द्यायचो. चाळीस झाकणं तुम्ही परत पाठवलीत. पत्रा अर्धा मिलिमीटर पातळ आहे म्हणून."

नापासरावांना तो माणूस आठवला नाही, पण झाकणं लख्ख आठवली. "होताच पातळ," ते म्हणाले.

"होता," वेल्डरनं कबूल केलं. "पण मन दुखलं होतं."

मुदतीच्या शेवटच्या सकाळी यंत्र बागेत उभं राहिलं. पोपटी रंगाचं, दोन चाकांवर आणि दोन पायांवर, पोटात गादी घेऊन. निम्मी सोसायटी गोळा झाली. बायको बाकड्यावर येऊन बसली. सेक्रेटरी पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. त्यांच्या हातात मोजपट्टी होती, आणि ती यंत्रासाठी नव्हती. नापासरावांनी मापं टिपायला लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात घेतला होता. घरात दुसरा कोरा कागद उरलाच नव्हता, सगळे फॉर्ममध्ये गेले होते.

निरीक्षक म्हणून एक मध्यमवयीन बाई आल्या. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. मग फॉर्म काढला.

"रकाना चार. यंत्र चालवणाऱ्याचं नाव आणि सही. चालवणार कोण?"

वकिलांनी सेक्रेटरींकडं पाहिलं, सेक्रेटरींनी नापासरावांकडं.

"यंत्र सोसायटीचं आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"हो, पण रोज सकाळी सोसायटी झाडू घेऊन खाली येते का?"

सतरा प्रश्न, अठ्ठावीस दारं, आणि हा एक प्रश्न विचारायला नगरपालिका यावी लागली. ज्या नगरपालिकेला अधांतरी पानाचं काय करायचं तेही माहीत नव्हतं.

बाकड्यावरून बायको म्हणाली, "अहो, मावशींना बोलवा की. दुसरं कोण चालवणार आहे?"

पलीकडं झाडत असलेल्या मावशी आल्या. त्यांनी पदर खोचला, पाटीत पाचोळा भरला आणि यंत्राजवळ जाऊन वर पाहिलं. मावशींची उंची साडेचार फूट, यंत्राचं तोंड पाच फुटांवर. त्यांनी पाटी डोक्याच्या वर उचलली, टाचा उंचावल्या, आणि पाचोळा यंत्राच्या ओठाला लागून परत त्यांच्याच डोक्यावर आला.

एजंट स्टूल घेऊन धावले. मावशी स्टुलावर चढल्या. आता तोंड जवळ आलं, पण बटणं खाली राहिली. मग डावं बटण एजंटनी धरलं आणि उजवं वकिलांनी. त्याआधी दोन्ही कुलपं उघडायची होती, त्यात सेक्रेटरींची किल्ली दुसऱ्या पँटमध्ये निघाली. ती आली. एक बाई स्टुलावर, दोन पुरुष बटणांना, तिसरा स्टूल धरून. असं करून यंत्र सुरू झालं. गादीमुळं आवाज खरंच एका सुरात होता, आणि गाण्याच्या बाई तेवढ्यापुरत्या खूश दिसल्या. मूठभर पाचोळा आत गेला आणि त्याचा भुसा दुसऱ्या बाजूनं थेट सेक्रेटरींच्या शर्टावर आला.

"थोडं फिरवून घेऊ," नापासराव म्हणाले. त्यांनी आधी सगळ्यांना लांब केलं, जाऊन मेन स्विच बंद केला आणि मग यंत्राला हात लावला. इतकी अक्कल अजून शाबूत होती. चाकांची बाजू हलली. पायांची बाजू सकाळीच पाणी घातलेल्या मातीत रुतून बसली होती. यंत्र जरा विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग, गाय बसते तसं, सावकाश, कुणालाही न दुखावता आडवं झालं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नापासरावांनी बायकोकडं पाहायचं टाळलं. बाग गेली. बाकडं गेलं. अकरा गाड्या आल्या, आणि त्या आपल्या हातानं आल्या, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

मग त्यांनी खिशातून गठ्ठा काढला, एक चिठ्ठी फाडली आणि गुडघ्यावर ठेवून लिहिली. नापास. कारण: वापरणाऱ्या व्यक्तीस विचारले नाही. खाली सही केली आणि चिठ्ठी यंत्राच्या कडीला बांधली. गाठ नेहमीसारखीच, दुहेरी.

वेल्डर वाकून चिठ्ठी वाचून आला. "साहेब, तुमची ही पहिलीच चिठ्ठी मला मनापासून पटली."

एवढ्यात खर्र खर्र आवाज आला. सगळे शोक करत असताना मावशी मात्र कामाला लागल्या होत्या. उकिडव्या बसून त्या झाडूनं सांडलेला पाचोळा लोटत होत्या, आणि लोटता लोटता तो सरळ आडव्या यंत्राच्या तोंडात जात होता.

"हे आता बरंय," मावशी म्हणाल्या.

"काय बरंय?" नापासरावांनी विचारलं.

"तोंड खाली आलं ना. झाडत झाडत आत लोटता येतंय. उचलायला लागत नाही. माझा जीव जातो तो उचलण्यात, साहेब. झाडण्यात काही नाही. फांद्यांचंही काही नाही, त्या मी कोयत्यानं बारीक करते. पण पाटी उचलून उचलून कंबर गेली."

"मग मावशी, आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बाजूला हो म्हणालात. मी झाले."

नापासराव तिथंच मातीत बसले. टेप काढली. "मावशी, जरा उभ्या राहा. नाही, बाजूला नका होऊ. इथंच." त्यांनी गुडघ्याची उंची घेतली, कोपराची घेतली, हात लांब केल्यावर झाडू कुठवर जातो ते घेतलं, आणि सगळं लाल चिठ्ठ्यांच्या पाठीवर उतरवलं.

"शिंप्यानंसुद्धा माझी इतकी मापं घेतली नव्हती," मावशी म्हणाल्या.

निरीक्षकबाई शांतपणे फॉर्म परत पिशवीत घालत होत्या. सेक्रेटरी पुढं झाले. "म्हणजे मॅडम, नापासच ना? तसं लिहून द्या. आम्हाला पुढची कामं करायला बरं."

"नापास मी लिहिणारच होते," त्या म्हणाल्या. "यांनी स्वतःच लिहिलं, कारणासकट. दुरुस्तीला दहा दिवस देता येतात, ते देते. कारण लिहिलेलं असलं की देता येतात."

आयुष्यभर नापासरावांनी चिठ्ठीवर कारण लिहिलं होतं, आणि आयुष्यभर लोकांना वाटलं होतं की हा माणूस खडूस आहे.

ते दहा दिवस नापासराव रोज सकाळी मावशींच्या मागं होते. चार दिवस नुसते बसून पाहत होते, लेकीनं सांगितलं होतं तसे, फक्त या वेळी बरोबर जागी. मावशी डावखुऱ्या आहेत हे त्यांना नऊ वर्षांनी कळलं. पाणी घातलेल्या दिवशी पाचोळा ओला असतो आणि पात्यांना चिकटतो, हे कळलं. ढीग यंत्राकडं न्यायचा नसतो, यंत्र ढिगाकडं जायला हवं, हेही कळलं. वेल्डरनं पाय कापून चारी चाकं लावली, तोंड जमिनीलगत आणलं आणि पुढं हात जाणार नाही एवढं लांब नळकांडं बसवलं. झाकण उघडलं की मोटार आपोआप बंद. एजंटनी वाकून स्वतःच्या हातानं पडताळलं आणि मान हलवली. कुलूप एक, किल्ली मावशींच्या कनवटीला. गादी तेवढी राहिली, कारण गाण्याच्या बाईंचं म्हणणं रास्त होतं.

दहाव्या दिवशी निरीक्षकबाई परत आल्या. मावशींनी किल्ली काढली, डाव्या हातानं बटण दाबलं आणि झाडायला सुरुवात केली. रोज झाडतात तसंच. पाचोळा पुढून गेला आणि भुसा मागच्या पोत्यात पडला. जमलेल्या लोकांना पाहायला तसं काहीच नव्हतं, आणि नापासरावांना तेच फार बरं वाटत होतं.

चौथ्या रकान्यात मावशींनी सावकाश सही केली. निरीक्षकबाईंनी पाचवा रकाना पुढं केला. "शेरा. काही सांगायचंय?"

मावशींनी नापासरावांकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं. "झाकण जड आहे," त्या म्हणाल्या.

बाईंनी लिहून घेतलं. सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "म्हणजे नापास?"

"हा शेरा आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या आणि फॉर्मवर शिक्का मारला. "यंत्र पास."

नापासरावांनी सोडलेला श्वास बहुधा महिनाभर आत होता. बायको बाकड्यावरून हसत होती. त्यांनी वेल्डरचा खांदा धरला. धरलाच आहे म्हणून विचारून घेतलं, "झाकणाला पत्रा किती जाड घातलास?"

"तुम्ही लिहिलं होतंत त्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त," वेल्डर म्हणाला. "म्हटलं, पुन्हा भानगड नको."

नापासराव हसले. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाहायला अठ्ठावीसपैकी निदान सहा दारं उघडली. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून ते झाकणाकडं निघाले.

"आज नको, साहेब," मावशी झाडता झाडता म्हणाल्या. "उद्या काढा. आज बसा जरा."

ते बायकोशेजारी जाऊन बसले. बदामाचं एक मोठं तांबडं पान वरून सुटलं आणि गिरक्या घेत खाली येऊ लागलं. ते कुठल्या विभागाचं हे ठरायच्या आत मावशींच्या झाडूखाली गेलं.